चावी : एका शब्दाचा आणि एका अधिकाराचा इतिहास

मराठीत कुलूप उघडणाऱ्या वस्तूला चावी म्हणतात आणि पाणी सोडणाऱ्या वस्तूलाही चावीच म्हणतात. घड्याळाला चावी देतात, नळाची चावी बंद करतात, आणि दक्षिण महाराष्ट्रात तर कित्येक ठिकाणी सबंध सार्वजनिक नळालाच 'चावी' हे नाव आहे. बायका पाणी भरायला 'चावीवर' जातात. कुलूप आणि पाणी या दोहोंचा कारभार एकाच शब्दाकडे असावा, यातले नवल रोजच्या वापराने बोथट झाले आहे. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या आधाराने नळकामाचा, त्यातही पाणी बंद करणाऱ्या यंत्राचा, थोडा इतिहास पाहायचा आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने लोखंडी नळ आणि पितळी कॉक यांच्या वाटेला कशासाठी जावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळावे अशी अपेक्षा आहे. न मिळाल्यास चार शब्दांच्या व्युत्पत्ती तरी पदरात पडतील.

'चावी' हा शब्द पोर्तुगीज 'शावे'वरून आला आणि त्याच्या मागे लॅटिन 'क्लाविस' आहे. पाण्याच्या घरगुती व्यवहारात पोर्तुगिजांनी मराठीला दिलेले शब्द मोजायला बसले तर आश्चर्य वाटते. बादली, पीप आणि बंब हे तिन्ही शब्द तिकडचेच. 'हौद' अरबी-फारसी मार्गाने आला. 'नळ' मात्र आपला. नळ म्हणजे मुळात पोकळ देठाचे बोरू-वेतासारखे गवत, आणि दमयंतीच्या पतीपेक्षा या गवताशीच आपल्या स्वयंपाकघरातील नळाचे नाते अधिक जवळचे आहे. 'तोटी' झारीला असते तशी नळालाही असते. म्हणजे पाणी वाहून आणणाऱ्या आणि ओतणाऱ्या भागांसाठी आपल्याकडे शब्द होते; अडवणाऱ्या भागासाठी शब्द बाहेरून घ्यावा लागला. हा योगायोग नसावा.

इतर भाषांनी या यंत्राकडे पाहिले तेव्हा त्यांना त्यात प्राणी दिसले. इंग्रजीतील 'कॉक' आणि जर्मनमधील 'हान' हे दोन्ही कोंबड्याचे शब्द. वर उभ्या असलेल्या मुठीत कोणाला तुरा दिसला असेल. फ्रेंचमधील 'रोबिने' मेंढराच्या लाडक्या नावावरून आला, कारण जुन्या तोट्यांना मेंढ्याचे तोंड कोरलेले असे. आपण तोटीला गाईचे तोंड दिले आणि गोमुख म्हटले. पण ते तोंड कायम उघडे. गोमुख बंद करण्याची कल्पनाही आपल्या मनात येत नाही. बंद करण्याची वेळ आली तेव्हा मराठी माणसाला ना कोंबडा दिसला, ना मेंढा. त्याला किल्ली दिसली.

ती दिसण्याचे एक साधे, यांत्रिक कारण आहे. जुन्या धाटणीच्या कॉकमध्ये पितळेच्या घरात एक निमुळता दट्ट्या बसवलेला असतो आणि दट्ट्याला आरपार भोक असते. भोक नळाच्या रेषेत आले की पाणी वाहते, पाव फेरा फिरवला की थांबते. हा दट्ट्या कुलपातल्या किल्लीसारखाच फिरतो. पुष्कळ ठिकाणी त्याची मूठ सुटी असते, म्हणजे ती ज्याच्या खिशात त्याच्याच हातून पाणी सुटते. तेव्हा 'चावी' हे रूपक म्हणून सुरू झाले नसावे, जे दिसत होते त्याचेच ते नाव असावे, असा माझा तर्क आहे.

अशा दट्ट्याचे ब्राँझचे कॉक रोमन लोकांना चांगले माहीत होते; पाँपेईच्या उत्खननात ते सापडले आहेत. पण रोमच्या पाण्याचा खरा इतिहास फ्रोंटिनस नावाच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवला. इसवी सन ९७ मध्ये नेर्वा बादशहाने त्याला रोमच्या पाण्याचा मुख्य अधिकारी नेमले. त्याने कामावर रुजू होताच शहराच्या नऊ जलवाहिन्यांची माहिती गोळा केली आणि एक पुस्तक लिहिले. ज्याला घरी पाणी घेण्याची सनद मिळे, त्याच्या नळाच्या तोंडाशी ठरावीक मापाची ब्राँझची नळी बसवून तिच्यावर शिक्का मारला जाई, कारण शिशाचा नळ ठोकून रुंद करता येतो, ब्राँझ सहजासहजी दाद देत नाही. आज महापालिकेच्या मुख्य वाहिनीतून घरचा नळ काढताना जे 'फेरूल' बसवतात, ते याच नळीचे वंशज म्हणता येईल. फ्रोंटिनसच्या पुस्तकाचा रंजक भाग मात्र चोऱ्यांचा आहे. मोठ्या तोंडाची नळी बसवणे, शिक्का नसलेली बसवणे, सनद दुसऱ्याकडे गेल्यावर जुने भोक तसेच ठेवून नवे पाडणे, फरसबंदीखालून गुप्त नळ काढून पाणी विकणे, हे सगळे उद्योग करणारे लोक त्याच्याच खात्यातले होते. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या सरकारी टिपणाची भाषा कोरडी आहे. तरीही ते वाचताना आपल्या एखाद्या नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेचा वृत्तांत वाचतो आहोत असे वाटते.

आता आपल्याकडे येऊ. कान्हेरीच्या लेण्यांत खडकात कोरलेली टाकी आणि पावसाचे पाणी त्यांत आणणारे पाट आजही दिसतात. तिथल्या प्राकृत लेखांत पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे आणि ती दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेला आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरला, भूमिगत नहरीने पाणी आणले. अठराव्या शतकातील पाणचक्कीचे पाणी मातीच्या नळांतून येते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत दगड, विटा आणि चुन्याची जलवाहिनी बांधली गेली. तिच्या वाटेवर ठिकठिकाणी 'उच्छ्वास' आहेत. उच्छ्वास हा शब्द कोणा संस्कृतज्ञ कारभाऱ्याने सुचवला की गवंड्यानेच उचलला, हे कळले तर फार बरे होईल. नळाला श्वास लागतो हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा शब्द मला आढळलेला नाही. बंद वाहिनीत कोंडलेली हवा निघून जावी आणि गाळ खाली बसावा यासाठी ती सोय होती.

या सर्व योजनांचा एक समान गुण असा की त्यांत घरोघर पाणी बंद करण्याचे यंत्र नाही, आणि ते असण्याची गरजही नाही. पाणी उताराने सतत वाहते. एक हौद भरला की पुढच्याला जाते. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेतला हौद हे पुण्याचे पत्ते झाले ते अशा वाहत्या पाण्यामुळे. शनिवारवाड्यातील हजारी कारंजेही याच पाण्यावर उडत असे. ज्या व्यवस्थेत दाब कमी आणि प्रवाह अखंड, तिथे तोटी उघडीच राहते.

परंतु यंत्र नव्हते म्हणजे अडवणूक नव्हती, असे नाही. हौदाला चावी नसली तरी हौदाच्या काठाला जात होती. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना आपण सामाजिक सुधारणांच्या यादीत वाचतो आणि पुढे जातो. ती नळकामाच्या इतिहासातही नोंदवायला हवी. 'खुला केला' हे क्रियापद पाहावे. ज्या हौदाला झाकण नाही, कुलूप नाही, जो भर अंगणात आहे, तो 'खुला' करावा लागतो.

मुंबईत १८६० मध्ये विहारचे पाणी आले. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याची ही योजना, आणि बत्तीस इंच व्यासाचा बिडाचा नळ तिचा कणा. पुढे तुळशी (१८७९) आणि तानसा (१८९२) यांची भर पडली. त्याआधीची मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. धोबीतलाव हे नाव उरले, तलाव बुजला. नवे पाणी उंचावरून, बंद लोखंडी नळातून, दाबाखाली येत होते. येथे जुने आणि नवे नळकाम यांच्यात मूलभूत फरक पडतो. बंद नळातले पाणी दाबाखाली असते, ते उघडे ठेवले तर वाया जाते, आणि एका घरी उघडे राहिले तर वरच्या मजल्यावर चढत नाही. म्हणून प्रत्येक टोकाला बंद करण्याचे यंत्र लागते.

पण कोणते? पाव फेऱ्यात बंद होणारा दट्ट्याचा कॉक इथे धोक्याचा ठरला. लांब नळातून वेगाने येणारे पाणी क्षणात अडवले तर त्या सबंध पाण्याचा वेग दाबात बदलतो आणि नळावर हातोडा पडल्यासारखा घाव बसतो. रशियातील शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचे गणित मांडले. ढोबळ हिशेब असा की लोखंडी नळात सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एकाएकी थांबवले तर सुमारे शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका जादा दाब निर्माण होतो. गणित नंतर आले, उपाय आधी सापडला होता. इंग्लंडमधील रॉदरहॅम येथील गेस्ट आणि क्राइम्स या पितळ-ओतशाळेने १८४५ मध्ये आट्यांच्या, म्हणजे स्क्रूच्या, नळाचे पेटंट घेतले. यात मूठ फिरवत गेलो की आट्यांवरून दांडा हळूहळू खाली उतरतो आणि त्याच्या टोकाचा वायसर पाण्याच्या तोंडावर दाबला जातो. बंद व्हायला तीन-चार फेरे लागतात. तेवढ्या वेळात पाणी शांत होते. विसाव्या शतकात आपण सर्वांनी ज्या नळाखाली हात धुतले, तो हाच.

त्या वायसरविषयी थोडे विषयांतर. जुन्या नळांतील वायसर चामड्याचा असे. पाणी चामड्याला लागून येते म्हटल्यावर ते सोवळ्याला कसे चालणार, हा वाद एकोणिसाव्या शतकात अनेक शहरांत झाला, आणि पुष्कळ घरांत नळाचे पाणी वापरायला आणि आडाचे देवाला, अशी वाटणी दीर्घकाळ टिकली. ती हळूहळू मोडली. आड लांब होता, नळ मोरीत होता. सोयीपुढे धर्मशास्त्र फार काळ उभे राहत नाही असा याचा एक अर्थ. पण वायसरचे चामडे ज्यांनी पोटात घातले, त्यांना दुसरी एक गोष्ट मात्र चालली नाही.

डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या १९३० च्या दशकातल्या आत्मपर टिपणांत शाळेतल्या नळाचा उल्लेख आहे. इतर मुलांना तहान लागली की गुरुजींना विचारून ती नळावर जात, नळ उघडत आणि पाणी पीत. या मुलाला नळाला हात लावता येत नसे. कोणा स्पृश्याने नळ उघडून दिला तरच पाणी मिळे. गुरुजींची परवानगी पुरेशी नव्हती. शिपाई हजर असावा लागे. शिपाई नसला तर पाणी नाही.

हा उतारा वर्गात शिकवताना आपण अन्यायाच्या भावनेवर भर देतो आणि ते योग्यच आहे. परंतु यंत्राकडेही लक्ष वेधले पाहिजे. विहीर किंवा हौद यांच्याबाबत विटाळाचा युक्तिवाद असा होता की स्पर्शाने सगळे पाणी बाटते. हा युक्तिवाद अन्याय्य असला तरी त्याला स्वतःचा असा एक तर्क होता: पाणी एक, साठा एक. नळाने तो तर्कच मोडीत काढला. पाणी लोखंडात बंदिस्त. मुलाचा हात त्याला लागूच शकत नाही. जे ओंजळीत पडते ते परत जात नाही. तंत्रज्ञान समाज बदलते असे मानणाऱ्यांच्या दृष्टीने विटाळ येथे संपायला हवा होता. तो संपला नाही. तो पाण्यावरून उठला आणि पितळेच्या मुठीवर जाऊन बसला. आतला चामड्याचा वायसर चालला, बाहेरचा सात-आठ वर्षांच्या मुलाचा हात चालला नाही. 'चावी' या शब्दातला कुलपाचा अर्थ इतका स्पष्टपणे उघडा पडलेला दुसरा प्रसंग मला माहीत नाही.

महाडची हकीकत सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्या तारखा सलग वाचल्या तर 'उघडणे' आणि 'बंद करणे' यांचा वेगळाच खेळ दिसतो. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला, तो अस्पृश्यांच्या बाजूने. ज्या तळ्याला दार नाही ते कागदावर दोनदा उघडले आणि दोनदा बंद झाले.

स्वातंत्र्यानंतरच्या शहरांत चावी दुसऱ्याच हातात गेली. मुंबईत, पुण्यात आणि राज्यातल्या बहुतेक शहरांत पाणी चोवीस तास न येता वेळापत्रकाने येते. मुख्य वाहिन्यांवरचे मोठे वॉल (व्हॉल्व्ह हा शब्द कोणताही प्लंबर उच्चारत नाही, आपणही तो हट्ट सोडावा) एका विभागासाठी उघडायचे आणि दुसऱ्यासाठी बंद करायचे, हे काम करणाऱ्या महापालिकेच्या कर्मचाऱ्याला 'चावीवाला' म्हणतात. त्याच्याजवळ इंग्रजी टी अक्षरासारखी लांब लोखंडी चावी असते. रस्त्यातले झाकण काढून तो ती खाली सोडतो आणि फेरे मोजत फिरवतो. किती फेरे, हे त्याच्या हाताला माहीत असते. मुंबईच्या पाण्यावर लिझा ब्यॉर्कमन यांचे २०१५ मधले आणि निखिल आनंद यांचे २०१७ मधले अशी दोन महत्त्वाची इंग्रजी पुस्तके झाली, आणि दोघांनीही या चावीवाल्याकडे लक्ष दिले आहे. मराठीत मात्र चाळीवरच्या लेखनात नळावरचे भांडण हा जवळजवळ ठरलेला विनोदी प्रसंग झाला. 'नळावरची भांडणे' असा वाक्प्रचारच झाला आणि त्यात भांडणाऱ्या बायका हास्यास्पद ठरल्या. ज्या वेळापत्रकामुळे चाळीस बिऱ्हाडांना एका तासात एका तोटीखाली उभे राहावे लागले, त्या वेळापत्रकावर हसणारे लेखन फारसे दिसत नाही. हा आपल्या विनोदी परंपरेतला दोष आहे असे माझे मत आहे.

वेळापत्रकाचे परिणाम घराच्या बांधकामातही उतरले. जमिनीत टाकी, गच्चीवर टाकी, त्यांना बॉल कॉक, मध्ये पंप, हा सारा पसारा घराने स्वतःच्या खर्चाने उभा केला. शिवाय वाहिनी रिकामी झाली की तिच्यातला दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. सतत भरलेल्या नळात गळती बाहेरच्या दिशेने होते, रिकाम्या नळात आतल्या दिशेने. पावसाळ्यात पाणी सुटल्यावर पहिल्या दहा मिनिटांचे गढूळ पाणी ओतून देण्याची जी रीत आहे, तिच्यामागे हे कारण आहे.

पुण्यातील आमच्या एका सहकाऱ्याने पेठेतल्या आपल्या पन्नासेक वर्षांच्या जुन्या घराचे नळकाम अलीकडे बदलून घेतले, तेव्हा भिंतीतून निघालेले नळ पाहण्याची संधी मिळाली. जस्ताचा मुलामा दिलेले अर्ध्या इंचाचे लोखंडी नळ. आतला मुलामा कधीच संपलेला आणि गंजाने भोक इतके भरले होते की शिसपेन्सिल जेमतेम जावी. सांधे आट्यांचे, आट्यांवर सुताचा धागा आणि सफेदा. सफेदा म्हणजे शिशाच्या क्षाराची पूड, ती पिण्याच्या पाण्याच्या सांध्याला सर्रास लावली जाई. आता भिंतीत प्लास्टिकचे नळ बसले आहेत, ते आट्यांऐवजी द्रवाने चिकटवतात. 'आटे पाडणे' ही कला आणि ते क्रियापद दोन्ही बहुधा एका पिढीत जातील.

सगळ्यात उद्‌बोधक होता तो मुख्य कॉकचा शोध. सबंध घराचे पाणी जिथून बंद करता येते तो कॉक कुठे आहे, हे घरात कोणालाच सांगता येईना. प्लंबरने दाराजवळची फरशी उचलली तेव्हा तो सापडला. गेट वॉल होता आणि जागीच गोठला होता. हा वॉल अधूनमधून फिरवला नाही तर त्याचे पाते गंजून बसते, आणि जोर केला तर दांडा तुटतो. आमचे सहकारी चिंतेत पडले. प्लंबर मात्र निवांत होता. त्याने एवढेच विचारले, "सर, तुमच्याकडे पाणी किती वाजता जातं?" साडेदहाला, असे उत्तर मिळाल्यावर तो चहा प्यायला निघून गेला, आणि पावणेअकराला येऊन त्याने नळ कापला.

इंग्लंडातल्या घरात, जिथे नळ सदैव दाबाखाली असतो, आपला स्टॉप कॉक कुठे आहे हे न माहीत असलेला गृहस्थ एक दिवस गुडघाभर पाण्यात उभा राहतो. आपल्याकडे तो अज्ञानात सुखी राहू शकतो, कारण त्याच्या वतीने रोज कोणीतरी शहराच्या दुसऱ्या टोकाला ते काम करते. त्या घरात आता नवा, पितळी गोळ्याचा, पाव फेऱ्यात बंद होणारा वॉल बसला आहे. म्हणजे तत्त्वतः पाँपेईचाच. त्याची लाल मूठ फरशीच्या वर, सर्वांना दिसेल अशी ठेवली आहे, आणि आमच्या सहकाऱ्यांच्या सातवीतल्या मुलीला ती फिरवून दाखवायला सांगितले होते. तिने ती फिरवली. पाणी गेलेले असल्यामुळे काहीच घडले नाही.